गुलाबी झालेली काडी: एका बालवाडीतल्या जुन्या ऑइलपेंटचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जुन्या पेठेतला दुमजली वाडा. तळमजल्यावर दुकाने, मागच्या अंगाला एक जुने भाडेकरू कुटुंब आणि वरच्या मजल्यावर एका शिक्षणसंस्थेची बालवाडी. मुले तीन ते सहा वर्षांची. गाव, संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. जुन्या रंगातल्या शिशाच्या या प्रकरणात मला सल्ल्यासाठी बोलावले होते.

लाकूड सागवानी, खिडक्यांना लोखंडी गज, रस्त्याच्या बाजूला गॅलरी आणि तिला लोखंडी कठडा. या सगळ्यावर ऑइलपेंटचे थरावर थर. बालवाडी सुरू झाली तेव्हा कोणीतरी हौसेने दारे आणि चौकटी पिवळ्याधमक रंगवल्या. पुढे खिडक्यांची दारे हिरवी झाली. भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टाही ऑइलपेंटचाच, कारण मुलांचे हात लागले तरी तो पुसता येतो. शेवटचे मोठे रंगकाम 2017 च्या बरेच आधी झालेले होते. हे साल पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत संस्थेने रंगकाम काढले आणि ते नेहमीच्या पेंटरला दिले. त्याची पद्धत सगळीकडे चालते तीच: जुना रंग पत्रीने खरवडायचा, पॉलिशपेपरने कोरडा घासायचा, लांबी भरायची, प्रायमर मारायचा आणि वर दोन हात द्यायचे. रंग हट्टी असेल तिथे ब्लोलॅम्पने जाळून काढायचा. जिन्याचा कठडा आणि मोठ्या वर्गाच्या दोन चौकटी घासून झाल्या होत्या. ब्लोलॅम्प सुदैवाने अजून बाहेर निघाला नव्हता.

त्या दिवशी प्रवेशाचा अर्ज द्यायला आलेल्या एका आईच्या नजरेला जिन्यावरची पिवळी धूळ पडली. बाई एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांच्या अमेरिकेतल्या भावाने जुने घर घेतले तेव्हा शिसे तपासायच्या काड्या आणल्या होत्या आणि उरलेल्या बहिणीला दिल्या होत्या. बाईंनी घरून काडी आणली आणि चौकटीवर घासली. मिनिटभरात ती गुलाबी झाली. संध्याकाळपर्यंत तो फोटो पालकांच्या व्हॉट्सॅप गटावर होता.

समस्या

गटावर जे झाले त्याची कल्पना वाचकांना असेलच. रात्री दहापर्यंत कोणी प्रवेश रद्द करायला निघाले होते, तर कोणी लहानपणी आपण पाटीची पेन्सिल खाल्ल्याची आठवण काढत होते. संस्थेच्या चिटणीसांचे म्हणणे होते, "एका काडीवर शाळा बंद करायची का?" पेंटर मुख्याध्यापिकांना म्हणाला, "बाई, पंचवीस वर्षं रंग मारतोय, मला कुठं काय झालं?" हे सांगताना तो पिवळ्या धुळीने माखलेल्या तळहातावर तंबाखू मळत होता.

मी पोहोचलो तेव्हा मुख्याध्यापिकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खरं आहे का?" या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकले होते. रंगात शिसे आहे का? घासलेल्या रंगाची धूळ कुठे आणि किती पसरली आहे? आणि मुलांच्या पोटात ते जाऊ शकते का? काडी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, तेही अर्धवट. मात्र सगळी चर्चा काडीभोवतीच फिरत होती, कारण डोळ्यांना दिसणारी ती एकच गोष्ट होती.

शिसे रंगात येते कुठून, हे थोडक्यात सांगतो. पिवळ्या आणि नारिंगी रंगद्रव्यात लेड क्रोमेट असायचे, आणि निळ्याच्या मिश्रणातून त्याचाच हिरवा व्हायचा. लोखंडावरच्या जुन्या गंजरोधक प्रायमरमध्ये रेड लेड असायचे. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे हेच संयुग. शिवाय ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणून शिशाचे क्षार ड्रायर म्हणून घालत, त्यामुळे पांढऱ्या रंगातही शिसे सापडू शकते. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली आणि ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. हा नियम डब्यातल्या नव्या रंगासाठी आहे. आधीच लाकडावर बसलेल्या रंगाबद्दल किंवा त्याच्या धुळीबद्दल तो काही सांगत नाही. औद्योगिक रंगही त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि फॅब्रिकेटरच्या दुकानात ग्रिलवर कोणता रंग बसतो हे आपण क्वचितच विचारतो.

रंगवलेला कठडा आणि मुले यांचा संबंध नवा नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मुलांच्या शिसेबाधेचे मूळ व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत आहे, असे लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरने 1904 मध्ये मांडले. उन्हाने रंग भुकटी होतो, ती भुकटी बोटांना लागते आणि बोटे तोंडात जातात. आमच्या गॅलरीच्या कठड्याची अवस्था नेमकी तशीच होती.

पहिला निर्णय: आज थांबायचे की काम उरकायचे

चिटणीसांचा पहिला प्रस्ताव वरवर पाहता व्यवहारी होता. अर्धे घासून झाले आहे, तर उरलेले पटकन घासून, रंग मारून सगळे झाकून टाकू. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा सगळे चकाचक असेल. पेंटरची मजुरीही ठरलेली होती.

मी वहीवर एक हिशेब करून दाखवला. अमेरिकेत दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिग्रॅम शिसे असेल तर रंगाला शिसेयुक्त म्हणतात. एका चौरस फुटात 929 चौरस सेंटिमीटर असतात. म्हणजे अशा रंगाच्या एका चौरस फुटात 929 मिलिग्रॅम शिसे, म्हणजेच 9 लाख 29 हजार मायक्रोग्रॅम. एवढाच तुकडा घासून त्याची धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे 9,300 मायक्रोग्रॅम शिसे बसेल. अमेरिकेत जमिनीवरच्या धुळीची मर्यादा काही वर्षे 10 मायक्रोग्रॅम होती. 2024 च्या अखेरीस साफसफाईनंतरची पातळी 5 वर आणली गेली. इथे तर दोन चौकटी आणि जिन्याचा सबंध कठडा घासून झाला होता.

हा हिशेब पाहून चिटणीस गप्प झाले. काम त्याच दुपारी थांबले. जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधली, वरच्या मजल्यावर कोणी झाडू मारायचा नाही असे ठरले आणि पंखे बंद ठेवले. झाडू आणि पंख्याची सूचना मदतनीस मावशींना विचित्र वाटली. धूळ दिसतेय आणि झाडायचे नाही म्हणजे काय? पण कोरडा झाडू ही धूळ उडवतो आणि ती दुसरीकडे जाऊन बसते.

दुसरा निर्णय: पालकांना कधी सांगायचे

चिटणीसांना प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचे होते. मुख्याध्यापिकांचे म्हणणे होते की फोटो आधीच फिरतोय, आपण गप्प बसलो तर लोक त्याचा अर्थ काढणारच. त्यांचे मत ग्राह्य धरले गेले आणि त्याच रात्री पालकांना चार वाक्ये गेली:

"चौकटीच्या जुन्या रंगात शिसे असल्याचे प्राथमिक चाचणीत दिसले आहे. रंगकाम थांबवले आहे. धूळ किती आहे आणि इतर ठिकाणी काय आहे हे तपासत आहोत, ते अजून माहीत नाही. ज्या मुलांचे या आठवड्यात वाड्यात येणे झाले असेल त्यांच्या पालकांनी उद्या मुख्याध्यापिकांना फोन करावा."

या मजकुरात "काळजीचे कारण नाही" असे लिहायचा मोह होता, आणि तसा मसुदा तयारही होता. तो काढून टाकला, कारण काळजीचे कारण आहे की नाही हेच त्या रात्री ठरलेले नव्हते.

काडी काय सांगते आणि काय सांगत नाही

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक काड्यांमध्ये रोडिझोनेट हे रसायन असते. आम्लधर्मी द्रावणात ते शिशाशी संयोग पावते आणि गुलाबी ते लाल रंग येतो. जुन्या पद्धतीत सोडियम सल्फाइडचा थेंब टाकतात आणि शिसे असेल तर डाग राखाडी-काळा होतो. पण सल्फाइडने लोखंड, तांबे अशा इतर धातूंचाही काळा डाग पडतो आणि गडद रंगावर तो दिसतच नाही. म्हणून इथे रोडिझोनेटच योग्य होते.

चिटणीसांनी दुसऱ्या दिवशी स्वतः एक काडी हिरव्या खिडकीवर घासली. ती पांढरीच राहिली. "बघा, अर्धी शाळा तर चांगली आहे," असे ते म्हणाले. या प्रकरणातले सगळ्यात धोक्याचे वाक्य मला हेच वाटते. गुलाबी काडीने लोक निदान थांबतात. पांढऱ्या काडीने ते पॉलिशपेपर उचलतात.

काडी पांढरी राहण्याची कारणे अनेक असतात. शिसे खरोखर नसेल. शिसे असेल, पण वरच्या नव्या थराखाली दडलेले असेल. लेड क्रोमेट सहज विरघळत नाही, त्यामुळे रंग उशिरा येऊ शकतो आणि आपण तोवर काडी टाकून दिलेली असते. पृष्ठभागावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची किंवा जिप्समची धूळ असेल, तर तिच्यातले सल्फेट शिशाला धरून ठेवते आणि रोडिझोनेटच्या वाट्याला काही येत नाही. काडी जुनी झाल्यामुळे निकामीही झालेली असू शकते.

शिवाय मर्यादांमधला फरक आहे. अमेरिकेत या काड्यांना मान्यता देताना त्यांनी 1 मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर किंवा वजनाने 0.5 टक्के, म्हणजे 5,000 पीपीएम, एवढे शिसे चुकवू नये हा निकष धरला होता. आपली नव्या रंगाची मर्यादा 90 पीपीएम आहे, म्हणजे पन्नासपटीहून खाली. तेव्हा "काडी पांढरी, म्हणजे रंग नियमात बसतो" असे कोणताही दुकानदार सांगू लागला तर त्याला हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवावेत. काडी किती गुलाबी झाली यावरून शिशाचे प्रमाणही सांगता येत नाही. फिका गुलाबी म्हणजे थोडे शिसे, असा अर्थ नसतो.

पद्धतशीर तपासणी

मग आम्ही रीतसर सुरुवात केली. आधी यादी: प्रत्येक खोलीतली चौकट, दाराची फळी, खिडकीची चौकट, खिडकीचे दार, गज, भिंतीचा पट्टा, कठडा. एकाच वेळी, एकाच रंगाने रंगवलेल्या वस्तूंचा एक गट. प्रत्येक गटातून शक्यतो आडोशाची जागा निवडली. ती ओल्या फडक्याने पुसली, खाली चिकटपट्टी लावली आणि नव्या ब्लेडने लाकडापर्यंत तिरका छेद दिला. अशा छेदात थर वहीच्या पानांच्या कडेसारखे उघडे पडतात. काडी त्या सगळ्या कडांवर फिरवायची. प्रत्येक ठिकाणी ब्लेड नवे, नाहीतर एका चौकटीचे शिसे दुसऱ्या चौकटीच्या नावावर जाते.

काडीच्या आधी प्रत्येक ठिकाणी साध्या पाण्यात भिजवलेली कापसाची काडी घासायची. तिलाच लालसर रंग लागला, तर त्या जागी गुलाबी रंगावर विसंबता येत नाही. आणि काडी पांढरी राहिली, तर तीच काडी सोबत आलेल्या खात्रीपट्टीवर टेकवायची. त्या पट्टीवर शिशाचा एक ठिपका असतो. काडी तिथे गुलाबी झाली तर काडी जिवंत आहे आणि पांढरा निकाल ग्राह्य. तिथेही पांढरीच राहिली तर निकाल "नाही" असा लिहायचा नसतो. त्या ठिकाणी चाचणी झालीच नाही असे धरायचे. त्या आई पहिल्या दिवसापासून खात्रीपट्टी वापरत होत्या. चिटणीसांनी ती वापरली नव्हती.

पिवळ्या चौकटी आणि दारे सर्वत्र गुलाबी झाली. हिरव्या खिडकीचा छेद मला अजून आठवतो: वरचा हिरवा थर पांढरा राहिला, त्याखाली एक राखाडी थर होता, आणि त्याखालच्या जुन्या पिवळ्या थराच्या कडेने बारीक गुलाबी रेघ उमटली. चिटणीस शेजारीच उभे होते. नंतर त्यांनीच पेंटरला ती रेघ दाखवली.

भिंतीच्या पट्ट्यावर काडी पांढरी राहिली, आणि खात्रीपट्टीवरही पांढरीच. पट्ट्याच्या मागे प्लॅस्टर होते, त्यातली पूड छेदात आली होती. म्हणजे भिंतीबद्दल काहीच कळले नाही. गजांवर साध्या ओल्या कापसालाच विटकरी रंग लागला. तो रेड ऑक्साईड, म्हणजे लोहाचा ऑक्साईड, असण्याची शक्यता जास्त होती. पण रेड लेडही लालच असते, आणि डोळ्यांना या दोन्हींतला फरक सांगता येत नाही.

त्यामुळे ज्या ठिकाणी काडीने निर्णय दिला नाही, तिथलेच नमुने प्रयोगशाळेत पाठवले: भिंतीचा पट्टा, गज, गॅलरीचा कठडा, आणि ताडून पाहण्यासाठी एक पिवळा. रंगाचे तुकडे आम्लात विरघळवून त्यातले शिसे मोजतात. हाती धरायचे एक्सआरएफ यंत्र भाड्याने आणावे असाही विचार झाला होता. ते रंग न कापता सगळ्या थरांचे मिळून शिसे दाखवते आणि मोठ्या इमारतीला तेच परवडते. इथे मोजायच्या वस्तू थोड्या होत्या, म्हणून नमुने पाठवणे स्वस्त पडले.

अहवालात पिवळा अपेक्षेप्रमाणे मर्यादेच्या कित्येक पट वर होता. गजांवर बहुतांश लोहाचा ऑक्साईड निघाला. गॅलरीच्या कठड्याच्या सगळ्यात खालच्या थरात मात्र रेड लेड होते. भिंतीच्या पट्ट्यात 90 पीपीएमपेक्षा जास्त, पण लाकडाच्या तुलनेत फारच कमी शिसे सापडले. हे प्रमाण काडीला एरवीही दिसले नसते.

पर्याय

सगळे झाकून टाकणे हा पर्याय पुन्हा समोर आला, आणि या वेळी तो पूर्णपणे चुकीचा नव्हता. धड असलेल्या, न उडणाऱ्या रंगावर चांगला थर देऊन तो बंद करणे ही मान्य पद्धत आहे. प्रश्न घर्षणाच्या जागांचा होता. खिडकीचे दार चौकटीवर घासते, दाराची कड आपटते, उंबऱ्यावर पाय पडतात. तिथे वर कितीही चांगला रंग दिला तरी तो घासून जातो आणि खालचा थर पुन्हा भुकटी होऊन सुटतो.

काही पालकांना सगळे खरवडून लाकूड उघडे करायला हवे होते. ते ऐकायला स्वच्छ वाटते. पण इतकी धूळ तयार करून ती पूर्ण आवरणे कसबी माणसांचे काम आहे, आणि तशी माणसे त्या गावात नव्हती. खिडक्या बदलून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवाव्यात असे एका विश्वस्तांनी सुचवले. घरमालक सागवानी खिडक्या काढू देणार नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते नको होते.

शाळा दुसरीकडे हलवणे हा पर्याय कोणालाच आवडत नव्हता. तरी जून सुरू झाला तेव्हा तोच पहिल्यांदा अमलात आला: पहिले काही आठवडे बालवाडी जवळच्या देवळाच्या सभामंडपात भरली. घाई टळली, हा त्याचा खरा फायदा. एरवी शाळा सुरू होण्याची तारीखच कामाची पद्धत ठरवते.

केलेली कारवाई

शेवटी मिश्र मार्ग ठरला. चौकटी, दाराच्या फळ्या आणि भिंतीचा पट्टा जिथे धड होता तिथे घासायचे नाही. ओल्या फडक्याने पुसायचे, सुटलेले पोपडे पाणी मारून हलक्या हाताने काढायचे आणि वर नवा थर द्यायचा. खिडक्यांची हिरवी दारे बिजागऱ्यांतून काढून अंगणात, खाली प्लॅस्टिक अंथरून, रंग काढायच्या द्रावणाने साफ करायची. उंबरे आणि दाराच्या कडा ओल्यानेच मोकळ्या करायच्या. गॅलरीचा कठडा मुलांच्या उंचीपर्यंत जाड पत्र्याने आतून बंद करायचा. ब्लोलॅम्प पूर्ण बंद, कारण त्या उष्णतेत शिशाचा धूर होतो आणि तो थेट फुप्फुसात जातो.

पेंटर बदलावा असे काहींचे मत होते. मुख्याध्यापिका त्याला तयार झाल्या नाहीत, आणि ते योग्यच होते. नवा पेंटर दुसऱ्या दिवशी तेच कोरडे घासकाम करणार. याला निदान आता कळले होते. त्याच्याशी बसून बोललो. शिशाची लक्षणे दिसायला वर्षे लागू शकतात आणि तोवर माणूस "मला काय झालं" म्हणत राहतो, हे त्याला लगेच पटले नाही. घरी कामाचे कपडे कोण धुते, असे विचारल्यावर मात्र तो थोडा थांबला. त्याची नात तीन वर्षांची आहे. मुलांच्या आतड्यातून मोठ्यांच्या चार-पाचपट शिसे शोषले जाते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसऱ्या दिवसापासून तो कामाचे कपडे वाड्यातच बदलू लागला, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडी उघडणे बंद केले. संस्थेने त्याच्या रक्ताच्या तपासणीचा खर्च केला. निकाल त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा आहे, म्हणून तो इथे देत नाही.

साफसफाई दोन बादल्यांनी झाली: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके धुवायचे पाणी. फडकी वापरून फेकायची, खिडकीच्या खाचेपासून खाली जमिनीकडे यायचे आणि दारातून बाहेर पडायचे. मदतनीस मावशींना हातमोजे आणि मुखपट्टी दिली. त्यांनी हे काम आमच्यातल्या कोणाहीपेक्षा काटेकोर केले.

निष्पत्ती

काम संपल्यावर धुळीचे नमुने घेतले. ठरावीक मापाची जागा ओल्या पुसणीने पुसायची आणि ती पुसणी प्रयोगशाळेत पाठवायची. तुलनेसाठी अमेरिकेचे आकडे धरले: जमीन 5, खिडकीचा ओटा 40, खिडकीची खाच 100 मायक्रोग्रॅम प्रति चौरस फूट. जमिनी या मर्यादेत उतरल्या. मोठ्या वर्गाच्या एका खिडकीचा ओटा पहिल्या वेळी उतरला नाही, दुसऱ्या साफसफाईनंतर उतरला. हीच ती खिडकी, जिच्या शेजारची चौकट सर्वांत आधी घासली होती.

मुलांच्या रक्ततपासणीचा निर्णय पालकांवर सोडला. सोबत माहितीचा एक कागद दिला: शिशाची सुरक्षित पातळी माहीत नाही, जागतिक आरोग्य संघटना रक्तात प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळल्यास स्रोत शोधायला सांगते, अमेरिकेची संदर्भ पातळी 2021 पासून 3.5 आहे, बोटातून घेतलेल्या रक्तात हातावरची धूळ मिसळू शकते, म्हणून जास्त आकडा आला तर शिरेतून पुन्हा तपासावे, मुलात लोहाची कमतरता असेल तर शिसे अधिक शोषले जाते, म्हणून तेही पाहावे. काहींनी तपासणी करून घेतली, पुष्कळांनी नाही. निकाल संस्थेने मागितले नाहीत. काही प्रवेश रद्द झाले, बहुतेक टिकले.

वेगळे काय करता आले असते

साफसफाईच्या आधी धुळीचे नमुने घेतले गेले नाहीत. पैसे वाचवायचे होते आणि सगळ्यांना आधी स्वच्छता हवी होती. त्यामुळे सुट्टीतल्या त्या दिवसांत जिना वापरलेल्या भाडेकरू कुटुंबाच्या मुलाला किती धुळीला सामोरे जावे लागले, हे आता कोणी सांगू शकत नाही. दोन-तीन पुसण्यांचा खर्च फार नव्हता.

काड्या आधी आणि पॉलिशपेपर नंतर, हा क्रम कंत्राटातच लिहिता आला असता. पेंटरच्या अंदाजपत्रकात "जुना रंग काढणे" ही ओळ असते. ती कशी काढणार, हे कोणी विचारत नाही. संस्थेच्या नव्या कंत्राटात आता कोरडे घासणे आणि जाळणे यांना मनाई आहे, आणि नव्या रंगाच्या डब्यावर शिशाबद्दल काय छापले आहे त्याचा फोटो बिलासोबत द्यावा लागतो.

जिथे जुना रंग खाली तसाच आहे त्या प्रत्येक जागेची एक नोंदवही केली. तिला सुरुवातीला चिटणीसांचा विरोध होता. उद्या कोणी ही वही दाखवून दावा लावेल, ही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण पाच वर्षांनी वेगळा चिटणीस आणि वेगळा पेंटर असेल, आणि खिळा ठोकायला कोणीतरी चौकट भोकसेल. वही ठेवायची असे बहुमताने ठरले.

भाडेकरूंच्या बाजूचा जिना आणि त्यांची स्वतःची दारे अजून तपासलेली नाहीत. तो भाग संस्थेकडे नाही. मालक आणि भाडेकरू यांचा जुना वाद कोर्टात आहे, आणि "आमच्या दाराला छेद द्यायचा नाही" असे भाडेकरूंनी सांगितले आहे. सामाईक जिना तोवर संस्थेच्या मावशी ओल्या फडक्याने पुसतात. त्या आईंकडच्या उरलेल्या काड्यांची मुदत संपत आली आहे. नव्या मागवायच्या की पुढच्या वेळी सरळ एक्सआरएफ यंत्र आणायचे, हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत आहे.